बटणाचा चाकू

“पातं ढकलून पाहिलंस का?” टेबलापलीकडून मास्तरांनी विचारलं.

कस्टमच्या तपासणीस बाई अवघडल्या. परदेशातून येणाऱ्या पार्सलांतले चाकू ओळखायला त्यांना याच मास्तरांनी शिकवलं होतं. मुठीवरचं बटण दाबताच पातं आपोआप बाहेर आलं, तर चाकू जप्त. आधी पात्यालाच अंगठ्याने ढकलावं लागलं आणि मग स्प्रिंगने पुढचं काम केलं, तर सोडून द्यायचा. निवृत्तीनंतर मास्तरांची उजवी बाजू लुळी पडली आणि आज त्यांच्याच नावाचं पार्सल बाईंच्या पुढ्यात आलं होतं. बाईंना अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं.

“ढकललं. जागचं हलत नाही. बटण दाबलं की उघडतो. मास्तर, तुम्हाला माहीत होतं ना?”

“न कळायला काय झालं! अगं, बागेत एक सुतळी कापायची तरी सुनेला हाक मारावी लागते. बिचारी हातातलं काम टाकून येते, चाकू उघडून देते, वर थांबून बघत राहते. उघडं पातं घरात नको म्हणते, नातू रांगतोय. तिचंही बरोबरच आहे.”

बाईंनी खणातून दुसऱ्या प्रकारचा चाकू काढला. “हा चालतो. बघा तरी.”

मास्तरांनी तो डाव्या हातात घेतला. पात्यावरच्या खुंटीला अंगठा लावून जोर केला. पातं जरासं हललं आणि परत मिटलं. पुन्हा तेच. मिटायला बघतो म्हणूनच हा चाकू कायद्यात बसतो, हे दोघांनाही तोंडपाठ होतं.

“उजव्याचं बघून डावाही शेफारलाय,” मास्तर हसले. कपाळावर घाम आला होता.

“मी पाहिलंच नाही म्हणू का?” बाई हळूच म्हणाल्या.

“मग तुला शिकवलं ते काय गवत उपटायला? लिही. कागद आण इकडे.”

जप्तीच्या कागदावर मालकाची सही लागते. मास्तरांची झोकदार सही कचेरीत सगळ्यांच्या ओळखीची होती. त्यांनी पेन बाजूला सारलं आणि शाईचं पॅड पुढे ओढलं.

“झालो शेवटी अंगठेबहाद्दर!”

अंगठा कागदावर टेकला, पण ठसा उमटेना. बाईंना रडू आवरत नव्हतं. त्यांनी मास्तरांच्या अंगठ्यावर आपला अंगठा ठेवला आणि दाबला.