आवळीखालची पंगत

निलेशने डिकीतून आधी खुर्च्या काढल्या. घडीच्या, निळ्या कापडाच्या. समर्थची तेवढी मोठी, हात असलेली; बाकीच्या साध्या. दोन्ही बगलांत त्या धरून तो बांधावरून आवळीपाशी आला, तेव्हा मुक्ताबाई झाडाखाली सारवलेल्या जमिनीवर पडलेला पाला वेचत होत्या. सारवण वाळून टणक झालं होतं. पलीकडे भात कापून झालेलं रान उघडं पडलं होतं आणि त्याच्या मागे बेडशाचा डोंगर अजून हिरवा होता.

मुक्ताबाईंनी मुलाच्या बगलेतल्या खुर्च्यांकडे पाहिलं.

"ह्या कशाला रं?"

"बसायला, आई."

"सभा हाय व्हय हितं?"

"आत्या, समर्थला खाली बसवत नाही," मागून डबे घेऊन येणारी स्नेहल म्हणाली. सासूला ती आत्याच म्हणायची.

"त्याला बसव की खुर्चीत. त्यो बसंल राजावानी. बाकीच्यांच्या ढुंगनाला काय झालंय?"

गाडीत बसलेला समर्थ मोठ्याने हसला. "आजी, मम्मीचा रूल आहे. मी खुर्चीत, तर सगळे खुर्चीत."

निलेश त्याला आणायला परत गेला. नऊ वर्षांचा समर्थ घरात भिंतीला धरून चार पावलं टाकायचा, पण धसकटांतून त्याला उचलूनच आणावं लागणार होतं. धाकटा सार्थक पाच वर्षांचा. तो स्नेहलचा हात धरून आला. वाटेत पाण्याचा एक छोटा पाट होता. स्नेहलने त्याला चटकन कडेवर घेतलं आणि पलीकडे गेल्यावरच खाली ठेवलं.

हा नियम स्नेहलने घरात आणला त्याला तीन वर्षं होत आली होती. समर्थच्या आजाराचं निदान झाल्यावर त्यांनी गावचं घर सोडून कामशेतमध्ये तळमजल्यावर फ्लॅट घेतला. वर्षभराने समर्थला जमिनीवरून उठता येईना. तेव्हा तिने घरातली जमीनच बंद करून टाकली. चटया माळ्यावर गेल्या. जेवायला टेबल आलं. गणपतीत आरतीनंतर प्रसाद घ्यायलाही कुणी खाली बसत नसे. एकट्या समर्थला वर बसवून आपण खाली पंगत मांडायची नाही, असं ती म्हणाली होती. निलेशला तेव्हा बायकोचा अभिमान वाटला होता. तळेगावच्या कंपनीत, दुसऱ्या पाळीच्या जेवणाच्या सुट्टीत, त्याने हे दोघातिघांना सांगितलंही होतं.

मुक्ताबाई मात्र गावातच राहिल्या. नातवंडं तिकडे फारशी जात नसत. तिकडचा संडास समर्थच्या सोयीचा नाही, हे कारण खरंच होतं. पण यंदा त्यांनी हट्ट धरला. कार्तिक सरत आला, आवळी लगडली आहे, पोरं एकदा तरी तिच्याखाली जेवू देत. पूर्वी हे दरवर्षी व्हायचं. स्नेहलने दोनदा टाळलं. तिसऱ्यांदा मुक्ताबाईंनी थेट मुलाला फोन केला.

समर्थला खुर्चीत बसवून निलेशने त्याचे पाय सरळ केले. मुक्ताबाईंनी आवळीच्या बुंध्याला हळद-कुंकू लावलं, सुताचे फेरे घातले, नैवेद्य ठेवला. मग सारवलेल्या जागेवर घोंगडी अंथरली आणि पत्रावळी मांडल्या.

"म्या तर खालीच बसनार. नवी सून असताना सासूनं मला हितंच बसवलंतं."

"मी पण खाली," सार्थक म्हणाला.

"तू दादाजवळ बस," स्नेहल म्हणाली.

"मला आजीजवळ बसायचंय."

"सार्थक."

तिचा आवाज चढला नव्हता, पण निलेशने वळून पाहिलं. सकाळपासून तिने चहासुद्धा धड घेतला नव्हता. येताना पवनेच्या फाट्यावर त्याने गाडी थांबवली, पोरांना भजी घेतली, तेव्हाही ती खाली उतरली नव्हती.

"बसू दे की गं," मुक्ताबाई म्हणाल्या. "तुमच्या त्या फ्लॅटमदी फरशीच फरशी. पोराला मातीचा वास तरी घेऊ दे."

सार्थक घोंगडीवर बसला. म्हणजे त्याने आधी आजीचा खांदा धरला आणि मग धपकन अंग सोडून दिलं. मुक्ताबाई हसल्या. "पोतं टाकल्यावानी बसतंय."

निलेशही त्याच्यासमोर मांडी घालून बसला. स्नेहल उभीच राहिली. वाढायला, असं ती म्हणाली.

बाजरीची भाकरी होती, भरली वांगी, पावट्याची उसळ, ताज्या आवळ्याचं लोणचं आणि घरच्या इंद्रायणीचा भात. भाताची वाफ सुटली आणि सार्थकने नाक पुढे केलं. समर्थच्या मांडीवर ताट ठेवून स्नेहलने भाकरी कुस्करून दिली.

"पप्पा, मला वरून सगळ्यांची डोकी दिसतायत," समर्थ म्हणाला. "तुमच्या मधोमध टक्कल पडतंय."

"तिथं हेलिपॅड करायचंय."

"आजीचं पण पडतंय."

"तुझ्या बापानं उपटलं समदं," मुक्ताबाई म्हणाल्या.

सगळे हसले. निलेशही हसला, पण त्याची नजर सार्थकच्या पायांवर होती. घोंगडीवर पसरलेल्या त्या पायांच्या पोटऱ्या भरलेल्या होत्या. समर्थच्याही या वयात अशाच होत्या. पोराने पोटऱ्या कशा पैलवानाच्या घेतल्यात, असं तेव्हा सगळे कौतुकाने म्हणायचे. पाच वर्षांचा समर्थ जमिनीवरून उठताना आधी पालथा व्हायचा, ढुंगण वर करायचा, मग एक हात गुडघ्यावर, दुसरा मांडीवर, असा स्वतःच्याच अंगावर चढत उभा राहायचा. मुक्ताबाई त्याला हाक मारायच्या, "उठला का आमचा म्हातारा?" मग तोही कंबरेवर हात ठेवून वाकून चालून दाखवायचा. सगळं घर हसायचं. पुण्याच्या डॉक्टरांनी त्याला फरशीवर बसवलं आणि उठायला सांगितलं. त्याने नेहमीसारखं हसवायचं म्हणून ते जरा जास्तच रंगवून केलं. डॉक्टर हसले नाहीत.

स्नायूंचा आजार. वाढत जाणारा. औषधाने फार तर थोडा मंदावणारा. हा आईकडून मुलांकडे येतो, हेही डॉक्टरांनी सांगितलं. धाकट्याला असू शकेल, नसूही शकेल, दोन्हीची शक्यता सारखीच. त्याची तपासणी करून घ्या. धाकटा तेव्हा नुकता चालायला लागला होता. बाहेर आल्यावर स्नेहलने नवऱ्याकडे एकच गोष्ट मागितली. आईकडून येतो, हे आत्यांना सांगायचं नाही. निलेशने ते पाळलं. सार्थकच्या तपासणीचं मात्र दोघांनीही नंतर काढलं नाही. माहीत नसणं, एवढीच एक गोष्ट त्यांच्याकडे शिल्लक होती.

तरी निलेशचा डोळा ऐकत नव्हता. सुट्टीच्या दिवशी तो पोरांना घेऊन बाहेर पडायचा. लोणावळ्याच्या बाजारातून चिक्की घ्यायची, बागेत समर्थला बाकावर बसवायचं आणि सार्थकला म्हणायचं, चल, त्या झाडापर्यंत शर्यत. सार्थक थोडा धावायचा आणि फुलपाखरू दिसल्यासारखा थांबायचा. स्टेशनच्या जिन्याशी निलेश मुद्दाम त्याचा हात सोडून पुढे जायचा. एकदा वर जाऊन त्याने पाहिलं, तर पोर दोन्ही हातांनी कठडा ओढत पायरी चढत होतं. त्या दिवशी सोबत असलेल्या स्नेहलने खालून येऊन त्याला उचललं.

"लहान आहे अजून," ती म्हणाली होती.

निलेश ते वाक्य घरी घेऊन आला आणि त्याच्यावर त्याने पुढचे कितीतरी आठवडे काढले.

वारा आला. आवळीची बारीक पानं भातावर पडली. ती शुभ असतात म्हणून मुक्ताबाईंनी कुणाला काढू दिली नाहीत. मग वरून एक टपोरा आवळा सुटला, घोंगडीच्या कडेला आपटला आणि उताराने घरंगळत बांधाशी जाऊन थांबला.

"देवीनं दिला," मुक्ताबाई म्हणाल्या. "सार्थक, पळ, आन त्यो."

सार्थकने तोंडातला घास गिळला आणि आईकडे पाहिलं.

स्नेहल त्याच्या मागेच उभी होती. तिने वाकून त्याच्या काखेत दोन्ही हात घातले. "चल, हात धुवायला जाऊ. येताना आणू."

"अगं, उचलतीस काय? कुकुलं बाळ हाय का त्ये?"

"जेवण झालंय त्याचं."

"पत्रावळीत भात तसाच हाय."

स्नेहलचे हात तिथेच होते. सार्थक अर्धवट उचलला गेला होता. निलेशने हातातली भाकरी खाली ठेवली.

"स्नेहल, उठू दे त्याला."

तिने नवऱ्याकडे पाहिलं. तिचे ओठ फक्त थोडे उघडले. मग तिने पोराला हळूच खाली ठेवलं आणि हात काढून घेतले.

सार्थक पालथा झाला. दोन्ही तळवे घोंगडीवर टेकवून त्याने ढुंगण वर केलं. पाय फाकवले. एक हात उचलून गुडघ्यावर ठेवला. क्षणभर तो तसाच थांबला, श्वास घेतला. मग दुसरा हात दुसऱ्या गुडघ्यावर. तिथून एकेक हात मांडीवर सरकवत, स्वतःला ढकलत तो सरळ झाला. पोट पुढे काढून, चवड्यांवर डुलत, तो आवळ्याकडे निघाला.

मुक्ताबाईंचा घास तोंडापाशी थांबला होता.

"माझी नक्कल करतोय तो," समर्थ म्हणाला.

सगळ्यांनी वर पाहिलं. समर्थ हसत होता. "खरंच, आजी. आमचा गेम आहे. म्हातारा-म्हातारा. मीच शिकवलंय त्याला."

निलेशने ते धरलं. दोन्ही हातांनी धरलं. का नसावं? धाकट्याला सगळं दादासारखं लागायचं. शर्ट, पाण्याची बाटली, केसांचा भांग. दादाचा खोकलासुद्धा तो काढून दाखवायचा.

सार्थक आवळा घेऊन आला. तो त्याने समर्थच्या ताटात ठेवला आणि रुसल्या चेहऱ्याने म्हणाला, "दादा, ते मी सांगायचं होतं ना? कुणी बघितलं तर मी सांगायचं, असं ठरलं होतं ना?"

समर्थने आवळा उचलला आणि तो कुठे फुटलाय का, हे फिरवून फिरवून बघू लागला.

निलेशने बायकोकडे पाहिलं. बाकं असलेली बालवाडी शोधायला ती कामशेतभर हिंडली होती. सार्थकला रोज तीच सोडायची, तीच आणायची. अंघोळीला स्टूल. खेळायला पलंग. आणि खुर्च्या. आज न चुकता सगळ्यांसाठी घेतलेल्या खुर्च्या. पण स्नेहल सार्थककडे बघतच नव्हती. धाकट्याचं तिला नवल नव्हतं. पदराचं टोक मुठीत धरून ती थोरल्याकडे बघत होती.

मुक्ताबाईंनी हातातला घास पत्रावळीत परत ठेवला. "भात घाल गं कुनाला हवा तर," त्या म्हणाल्या. एरवी त्या असं मागे वळून, बांधाकडे बघत बोलत नसत.

"पप्पा, खोटं नाहीये," समर्थ म्हणाला. त्याचा आवाज आता बारीक झाला होता. "गेमच आहे."

"मग मला पण शिकवा की," निलेश म्हणाला.

"नको, पप्पा."

"मी शिकवतो," सार्थक पुढे आला. "आधी पालथं व्हायचं."

निलेशने पत्रावळ बाजूला सारली. तो पालथा झाला. घोंगडीखालून सारवणाचा वास नाकात आला.

"आता हात टेकवा. आता ढुंगण वर."

त्याने केलं.

"आता गुडघ्यावर हात. एक. मग दुसरा. मग वर वर वर."

निलेशने एक हात गुडघ्यावर ठेवला, मग दुसरा. अगदी सावकाश, जसं पाहिलं होतं तसं, मांडीवरून तळवे सरकवत तो उभा राहिला. कंबरेवर हात ठेवून वाकला, म्हाताऱ्यासारखा कण्हला. "जमलं की नाही?"

समर्थने आवळ्यावरून नजर उचलली नाही.

सार्थकने बापाला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि मान हलवली.

"नाही. चीटिंग. तुम्ही पायांनी उठलात."

"म्हणजे?"

"पायांनी नाही उठायचं, पप्पा. हातांनी उठायचं." त्याने घोंगडीवर थाप मारली. "परत."

निलेश परत खाली बसला.