देवाला पत्ता कशाला

आर्डिस मोएनचा प्रश्न एकच होता, आणि तो तिनं गावात सगळ्यांना विचारून झाला होता. शेरीफला, वकिलाला, पोस्टमनला, पास्टरबाईंना. एकदा तर किराणा दुकानाच्या रांगेत उभी असताना कुणा एकाला नाही, मोठ्यानं सगळ्यांनाच. "त्याला माझ्या मुलीचं घर सापडलं कसं?"

उत्तर कुणापाशीच नव्हतं. आता लोर्ना स्कोगनपाशी होतं, आणि ते नसतं तर बरं झालं असतं असं तिला सारखं वाटत होतं.

लोर्ना काउंटीची जुनी परिचारिका. उभा जन्म शेतावरच्या घरांतून बाळंतिणी आणि म्हातारे बघत फिरली. निवृत्त झाल्यावर घरी स्वस्थ बसवेना, म्हणून समीक्षा गटाचं काम तिनं अंगावर घेतलं. वाचनालयाच्या तळघरात हा गट जमायचा: शेरीफच्या कचेरीतला कर्ट ब्राटेन, सरकारी वकील, बायकांच्या आश्रयगृहातली एक मुलगी, चर्चच्या पास्टर गेल. घरच्याच माणसाच्या हातून बाई मेली की हे लोक तिच्या शेवटच्या दिवसांचा रस्ता पुन्हा चालून बघायचे. गुन्हेगार पकडणं हे त्यांचं काम नव्हतं, तो आधीच पकडलेला असायचा. वाटेत कुणी कुठं हात दिला असता तर ती वाचली असती, एवढंच शोधायचं, म्हणजे पुढची वाचेल.

नियम दोनच. कुणावर बोट रोखायचं नाही. आणि "पण ती आधीच निघून का गेली नाही?" असं जो म्हणेल त्यानं सगळ्यांचे कॉफीचे कप विसळायचे. पहिल्या वर्षी कर्टनं इतके कप विसळले की त्याची बायको म्हणाली, हात बसलाच आहे तर घरचेही धू.

जनेल मोएनच्या बाबतीत मात्र हा प्रश्न कुणाच्या तोंडून निघायची सोय नव्हती, कारण ती निघून गेली होती. नवऱ्याचा हात दुसऱ्यांदा गळ्यापर्यंत गेला तशी छोट्या ब्रिटाला घेऊन पोरगी बाहेर पडली. पलीकडच्या एकरे गावात, गादीवाल्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या घेतल्या. कोर्टानं पत्ता गुप्त ठेवला, शाळेनं ब्रिटाचा दाखला बंद पाकिटातून पाठवला, बँक गप्प, दवाखाना गप्प. ज्यानं त्यानं आपापलं काम चोख केलं होतं. तरीही एका सोमवारी सकाळी तिचा नवरा रिक त्या जिन्यानं वर गेला. गुन्हा त्यानं पहिल्याच दिवशी कबूल केला, त्यामुळं खटला उभाच राहिला नाही, आणि पत्ता कुठून मिळाला हे त्याला कुणी विचारलंही नाही.

आर्डिसनं आपल्यापुरतं उत्तर ठरवून टाकलं होतं: कॉनी. कॉनी लुंडे शाळेच्या कचेरीत होती. दाखला तिच्याच हातून गेला, म्हणजे ब्रिटा कुठल्या गावी गेली हे तिला ठाऊक. ती आणि आर्डिस एकाच बाकावर बसून शिकलेल्या, एकमेकींच्या लग्नात करवल्या. पण जनेलला पुरून आल्यापासून आर्डिसनं कॉनीच्या नमस्काराला उत्तर दिलं नव्हतं. ब्रिटा आता आजीकडं राहून त्याच शाळेत जायची, आणि आर्डिसनं बाईंना बजावलं होतं, पोर तापानं फणफणली तरी तिला त्या कचेरीत बसवायचं नाही. आमच्या गावात भांडणं मोठ्यानं होत नाहीत. कॉनीच्या केकचा तुकडा चर्चच्या जेवणात कुणी उचलेना झालं, एवढंच. ते फार वाईट.

समीक्षेसाठी कॉनीला बोलावलं तेव्हा ती कोट न काढताच खुर्चीत बसली. शाळेतून काही फुटलं नाही हे तिनं नीट सांगितलं आणि ते खरंच होतं. मग कर्ट आभार मानून उठणार, तर ती म्हणाली, "अजून आहे. साखळीबद्दल."

पास्टर गेलचा चेहरा उतरला, तो तिथंच.

साखळी म्हणजे प्रार्थनेची फोनसाखळी. कुणावर काही ओढवलं की पहिलीनं दुसरीला फोन करायचा, दुसरीनं तिसरीला, आणि संध्याकाळपर्यंत सगळं चर्च गुडघे टेकून बसलेलं. मागं एकदा निरोप वाटेत असा काही बदलत गेला की गुडघ्याच्या ऑपरेशनला गेलेल्या माणसाच्या आत्म्याला शांती मागितली गेली, आणि तो रविवारी काठी टेकत पुढच्या रांगेत येऊन बसला. तेव्हापासून नियम कडक झाला. नाव, गाव, इस्पितळ, खोली, सगळं कागदावर घ्यायचं आणि पुढचीला अक्षर न अक्षर वाचून दाखवायचं. याचा बायकांना कोण अभिमान.

जनेल एकरेला गेली त्या आठवड्यात आर्डिसनंच पहिला फोन केला होता. जनेल आणि ब्रिटा एकरेला, गादीवाल्याच्या वर राहायला गेल्यात. सुखरूप आहेत. देवानं त्यांना सांभाळावं. बाहेर कुठं बोलू नका. आणि खरोखर एकही बाई बाहेर बोलली नाही. दुकानात नाही, केस कापताना नाही, नवऱ्यापाशीसुद्धा नाही. पण साखळी म्हणजे काही बोलणं नव्हे, ती प्रार्थना. निरोप घरोघर फिरत कॉनीकडं आला आणि कॉनीनं तो शेवटच्या कडीला वाचून दाखवला. शेवटची कडी म्हणजे वृद्धाश्रमातली हेझल, थकलेली, कानानं कमी, देवावर अपार विश्वास. हेझल रिकची चुलत आजी.

"तो दर रविवारी तिची नखं कापायला यायचा," कॉनी म्हणाली. "हेझलनंच मला सांगितलं नंतर. किती खूश होती! म्हणाली, पोरगा रडत होता गं, मी त्याला धीर दिला. म्हटलं काळजी करू नको, तुझी माणसं सुखरूप आहेत, गादीवाल्याच्या वर." कॉनीनं कोटाचं बटण लावलं, सोडलं, परत लावलं. "दुसऱ्या दिवशी ते झालं. हेझलला शेवटपर्यंत कुणी सांगितलं नाही. मीही नाही."

"आणि आर्डिसला?" लोर्नानं विचारलं.

"तिला काय सांगू? साखळीचं नाव काढलं की ती धागा धरून मागं मागं जाणार आणि स्वतःच्याच फोनपाशी येऊन थांबणार. रागाला एक माणूस लागतं, लोर्ना. मी आहे ना. माझ्यावर राग धरून ती उठते, पोरीची वेणी घालते, डबा भरते. तो राग फिरून तिच्यावरच आला तर? नका सांगू तिला. चाललंय ते चालू दे."

त्या दिवशी कप कुणी विसळायचे याचा कुणी विषय काढला नाही. पास्टर गेलनं त्याच संध्याकाळी साखळी बंद केली, आणि राज्यातल्या सगळ्या चर्चना कळवायचा मजकूर वकिलांनी लिहायला घेतला: प्रार्थनेत नाव नको, गाव नको. तेवढं काम सोपं होतं. अडलं ते आर्डिसचं काय करायचं त्यावर.

"खोलीतलं खोलीत, शपथ घेतलीय आपण," कर्ट म्हणाला. "नियमाच्या आड लप ना, लोर्ना. कधी नव्हे तो नियम आपल्या कामी येतोय."

"आणि कॉनीनं काय करायचं?"

"कॉनी स्वतःच नको म्हणतेय!"

"कॉनीनं राजीनामा दिलाय, ठाऊक आहे का तुला? डुलूथला बहिणीकडं निघालीय, कायमची. या वयात! आपण कुणावर बोट रोखत नाही म्हणतो, आणि गावानं तिच्यावर रोखलेलं बघत बसायचं?"

कर्टनं मिशा कुरवाळल्या. "आणि म्हातारी कोसळली म्हणजे? पोरीला कोण बघणार? तू?"

"हो, मी," लोर्ना फटकन म्हणाली, आणि मग तिलाच आपली भीती वाटली.

शपथ तिनं मोडली नाही; गोष्ट कॉनीची, तर परवानगीही कॉनीचीच हवी. आधी शाळेत गेली. कॉनी पायऱ्यांवरच्या बर्फावर मीठ टाकत होती. लोर्नाचं ऐकून घेतलं, उरलेलं मीठ खालच्या पायरीवर ओतलं. शेवटी म्हणाली, "सांगायचंच ठरवलंस तर दिवसाउजेडी सांग. आणि सांगून लगेच उठू नकोस. तिला एकटीला सोडून उठायचं नाही, एवढं वचन दे."

लोर्नानं वचन दिलं.

आर्डिसनं दार उघडलं तेच टोमणा मारत. "तुझा चेहरा बघून वाटतंय, माझीच काहीतरी तपासणी करून आलीस. कॅन्सर आहे की नुसताच हार्ट?"

"कॉफी द्या आधी."

"म्हणजे कॅन्सर." आर्डिसनं किटली ठेवली, लिंबाच्या वड्यांची ताटली पुढं सारली. "घे. ब्रिटासाठी केल्यात, पण ती हल्ली फक्त वरची साखर चाटते. अगदी आईवर गेलीय. जनेलही अशीच, खालचं सगळं कुत्र्याला."

लोर्नानं वडी घेतली. खाल्ली नाही. माणसांना वाईट बातम्या सांगण्यात तिचं आयुष्य गेलं होतं, पण त्या प्रत्येक बातमीला जोडून काहीतरी द्यायला असायचं: गोळी, इंजेक्शन, निदान पुढच्या मंगळवारची वेळ तरी. आज हात रिकामे होते. तिनं खुर्ची पुढं ओढली, आर्डिसचे ओले हात आपल्या हातात घेतले आणि साध्या वाक्यांत सगळं सांगितलं. आधी हेझल, मग साखळी, मग कॉनी. आर्डिसच्या फोनचं तिनं सांगितलं नाही. सांगावं लागलं नाही.

किटली उकळून उकळून शिट्टी वाजवायला लागली. आर्डिसनं उठून गॅस बंद केला आणि ओट्याकडं तोंड करून उभी राहिली.

"गादीवाल्याच्या वर," ती म्हणाली. "शब्दही माझेच."

"आर्डिस..."

"लिहून घे म्हणाले मी पुढचीला. नीट लिहून घे, चुकायला नको." तिचा आवाज अगदी साधा होता, भाजीचा भाव सांगावा तसा. "देवाला पत्ता कशाला हवा होता गं? त्यानंच तिला तिथवर नेलं होतं ना? त्याला ठाऊक नव्हतं, ती कुठं राहते?"

तुमची चूक नाही, असं लोर्नाला म्हणता आलं असतं. टेबलाभोवती ते सगळे असंच म्हणायचे. इथं या स्वयंपाकघरात ते फार पोकळ वाटलं असतं. ती उठली, जाऊन आर्डिसच्या शेजारी उभी राहिली, खांद्याला खांदा लावून. बाहेर दोरीवर ब्रिटाची लाल विजार थंडीनं ताठ झाली होती. मग आर्डिस रडली. मोएनांच्या घरात रडायची रीत नाही, दफनाच्या दिवशीही ती कोरड्या डोळ्यांनी सँडविचं वाढत होती. आता ती ओट्याची कड धरून लहान पोरासारखी हुंदके देत रडली, आणि लोर्नानं तिला धरून ठेवलं. वचन दिलं नसतं तरी ती हलली नसती.

बऱ्याच वेळानं आर्डिसनं पदरासारखं धरलेलं हातपुसणं तोंडावरून फिरवलं.

"कॉनीला हे कधीपासून ठाऊक?"

"पहिल्या दिवसापासून."

"आणि मी तिला... पोस्टाच्या दारात मी तिच्या तोंडावर दार ओढलं होतं. बर्फात काठी टेकत आली होती ती." आर्डिस खुर्चीत बसली. "काही बोलली नाही ती. का नाही बोलली?"

"तुम्हाला रागवायला कुणीतरी हवं होतं म्हणाली. तुमच्यापेक्षा मी बरी, म्हणाली."

"मूर्ख बाई," आर्डिस पुटपुटली. "शाळेतही अशीच. शाई मी सांडायची आणि छडी हिनं खायची." तिनं भिंतीवरच्या घड्याळाकडं पाहिलं. शाळा सुटायला थोडाच वेळ होता. रोज या वेळेला ती गाडी गरम करायला बाहेर पडलेली असायची. आज कोट खुंटीलाच होता.

"गाडी मी नेते," लोर्ना म्हणाली. "तुम्ही बसा. ब्रिटाला मी घेऊन येते."

"थांब तू." आर्डिसनं फोन ओढून घेतला. शाळेचा आकडा तिला पाठ होता. पलीकडं कुणीतरी उचलला तेव्हा पहिल्यांदा तिचा नुसताच श्वास गेला.

"कॉनी, मी आर्डिस... नाही, नाही, ठेवू नकोस. लोर्ना बसलीय इथं. सांगितलं तिनं." पलीकडून फार हलका आवाज येत होता. आर्डिसनं डोळे मिटले. "हो. ठीक आहे मी. ठीक नाहीये, पण बसलेय. तू रडू नकोस, पोरं बघतील." मग तिनं पाठ सरळ केली, जनेलला लहानपणी हाक मारायची तशा आवाजात म्हणाली, "ऐक. बाहेर फार गारठा आहे. ब्रिटाला कचेरीत बोलावून घे, तुझ्याजवळ बसव. आणि सुटलीस की तूच घेऊन ये तिला घरी."