टाचण्यांच्या डब्यातली कॅसेट

शिवणवाल्या बाईंच्या हातून कापड कधी वाकडं कापलं गेलं नाही आणि त्यांची जीभ कधी सरळ चालली नाही. गिऱ्हाईक असो की घरचं माणूस, कुणाची सुटका नव्हती. सून तर तीस वर्षं त्या जिभेखाली नांदत होती.

मुलगा गेला तेव्हा सव्वीसचा होता. छातीचं दुखणं. अंथरूण धरण्याआधी त्यानं टीव्हीला जोडायच्या एका छोट्याशा कॉम्प्युटरवर खेळ बनवला होता, भुलभुलैया. भिंती, वळणं, बंद गल्ल्या आणि त्यातून वाट काढणारा एक ठिपका. खेळ कॅसेटवर भरलेला. टेपरेकॉर्डर आधी पाच मिनिटं किंचाळायचा, मग पडद्यावर भिंती उभ्या राहायच्या.

"आई, शेवटच्या खोलीत तुझ्यासाठी काहीतरी ठेवलंय," तो म्हणाला होता. "पण चालत तूच जायचं."

बाई काजं करत होत्या. उंदराच्या बिळात शिरायला मला सवड नाही, म्हणाल्या. दोन महिन्यांत तो गेला आणि स्वतःचंच ते बोलणं बाईंच्या घशात हाडासारखं अडकून राहिलं.

कॅसेट त्यांनी आठवड्याच्या आत सुनेकडून काढून घेतली. हिच्याकडे राहिली तर बुरशी धरेल, असं चारचौघांत सुनावलं. पुढे कॉम्प्युटर जळाला, त्याचं खापरही सुनेच्याच माथी. कॅसेट मात्र बाईंनी जिवापाड जपली. शिलाई मशीनशेजारच्या पत्र्याच्या डब्यात. त्या डब्याला हात लावायची घरात कुणाची टाप नव्हती.

यंदा सुईत दोरा ओवता येईना तेव्हा बाई आयुष्यात पहिल्यांदा घाबरल्या. डोळे आहेत तोवर ती खोली बघायचीच, असं त्यांच्या मनानं घेतलं. जुन्या यंत्रांचा दुरुस्तीवाला सुनेनंच हुडकला. त्यानं तसाच कॉम्प्युटर, तसाच टेपरेकॉर्डर आणून टेबलावर मांडला. बाई ठेवणीतले कपडे घालून, चष्मा दोनदा पुसून समोर बसल्या.

त्यानं बटण दाबलं. ती किंचाळी बाईंना अंगाईसारखी पाठ होती. ती आलीच नाही. नुसती खरखर. त्यानं आवाज वाढवला, बाजू बदलली, कापसानं आतलं पुसलं. खरखरच. शेवटी त्यानं विचारलं, ठेवली कुठे होती? बाईंनी मोठ्या तोऱ्यात डबा पुढे सरकवला. कात्री, गुंड्या, रिळं; आणि तळाशी, सांडलेल्या टाचण्या गोळा करायचा तळहाताएवढा लोहचुंबक, साळिंदरासारखा फुललेला.

"आजी, चुंबकापाशी कॅसेट पुसली जाते," तो हळू आवाजात म्हणाला. "यात आता काही उरलेलं नाही."

त्यापेक्षा तो खेकसला असता तर बरं झालं असतं.

तो सामान आवरून गेला. सुनेला आज तीस वर्षांचं उट्टं काढता आलं असतं. ती दोऱ्याची रिळं डब्यात भरत राहिली. एक गोष्ट बाईंनी तिला कधी विचारली नव्हती; सुनेपुढे हात पसरायचा म्हणजे नाक कापून घेणं.

"तू खेळायचीस ना ते," बाई म्हणाल्या. "काय होतं शेवटच्या खोलीत?"

"दारापर्यंत पोचले होते, आई. तुमच्यासाठी होतं म्हणून उघडलं नाही. मागे फिरले."

बाईंनी तिच्या तोंडाकडे निरखून पाहिलं. कपड्यातली उसवण त्यांना लांबून कळायची, तसं खोटंही कळायचं. इथे कुठे टाका सुटलेला नव्हता. त्यांनी चुंबक मांडीवर घेतला आणि एकेक टाचणी उपटायला लागल्या. दोन बोटांत रुतल्या, तरी थांबल्या नाहीत.

शेवटची टाचणी निघाल्यावर त्यांनी विचारलं, "दार कुठल्या रंगाचं होतं?"

"आपला टीव्ही काळा-पांढरा होता, आई. पांढरं दिसायचं."