सदतीसचा पालक

"ताई, पानावरून आमच्या आज्याचं नाव कोणी काढलं? मी बराबर टाकल्तं! उद्या पेंटर त्याच पानावरून पाटी लिहिणारंय."

शहागडजवळच्या वस्तीवरून अंजूचा फोन आला आणि सुरुचीचं डोकंच फिरलं. जालन्यातली नोकरी सांभाळून 'गावकोश' ही साइट तीच चालवायची; गावोगावची माणसं तिथं आपापल्या गावाची पानं लिहीत. वस्तीवरचा हाळ, म्हणजे जनावरांना पाणी पाजायची दगडी कुंडी, अंजूच्या आजोबांनी, बिरूंनी, एकहाती बांधला होता. जन्मभर मेंढरं राखलेल्या त्या माणसाचं नाव कुठं लागलं असेल तर या एका ओळीत. तीच गायब.

पानावर शेवटचा हात वस्तीवरच्याच अवधूतचा, आणि हाळ अवधूतच्या घरच्या जमिनीत. आणखी काय पाहिजे? तिनं त्याला फोन लावला.

"त्या हाळाच्या पानाबद्दल," एवढंच ती बोलली.

"मी नुसता फोटो टाकला ताई. बाकी बिलकुल हात लावला न्हाई."

न विचारताच! चोराच्या मनात चांदणं, म्हणत सुरुचीनं त्याचा लिहिण्याचा अधिकार काढला आणि गावकोशच्या ग्रुपवर तसं जाहीरही करून टाकलं.

मग पुरावा हवा म्हणून ती पानाच्या इतिहासात शिरली. दर बदलागणिक पानाची नवी, पुढच्या क्रमांकाची आवृत्ती होते; लिहिणाऱ्यानं कोणती आवृत्ती उघडून बदल केला, तिचा क्रमांक साइट 'पालक' म्हणून नोंदवते. अवधूतची एक्केचाळीस, पालक चाळीस. पण चाळीसमध्येही बिरूंचं नाव नव्हतं. सुरुची चरकली. एकोणचाळीस, अडतीस, दोन्हींत नाही. सदतीस, पालक पस्तीस.

मग छत्तीस? छत्तीस अंजूची, नाव तिच्यातच होतं. म्हणजे सदतीसवाल्यानं पान आधीच उघडून ठेवलेलं, मधल्या वेळेत अंजूनं नाव घातलं, आणि या दीडशहाण्यानं 'दरम्यान कुणीतरी बदल केला आहे' ही सूचना न वाचताच 'तरीही जतन करा' दाबलं.

बदलाचं कारण: ऱ्हस्व-दीर्घ दुरुस्ती.

साऱ्या गावकोशात ऱ्हस्व-दीर्घासाठी जीव टाकणारं माणूस एकच होतं. तरी तिनं नाव वाचलं, आणि लाजेनं तिचे कान तापले. तिनं बिरूंची ओळ परत घातली, अवधूतचा अधिकार परत दिला. तेवढ्यात फोन वाजला.

"सापडला का ताई? अवधूतभाऊच ना? वस्तीवर सगळे तेच म्हणून राह्यले."

नुसतं 'हं' म्हटलं असतं तरी भागलं असतं.

"अंजू, फोन स्पीकरवर टाक," सुरुची म्हणाली. "सगळ्यांना ऐकू दे. तुझ्या आज्याचं नाव मी पुसलं."