मैनेची नथ

“काका, वर उचला ती चकती. पान्याला टेकली की बोंबलनारच ती.”

रावजींनी यंत्र वर उचललं तसा आवाज थांबला. खाली आणलं की पुन्हा ठणाणा सुरू. ओल्या वाळूवर ते यंत्र अशा थाटात ओरडत होतं, की ऐकणाऱ्याला वाटावं, या किनाऱ्याखाली सोन्याची लंकाच पुरलेली आहे. रावजींनी सकाळपासून त्या ओरडण्यावर विश्वास ठेवून चांगले गुडघाभर खड्डे खणले होते आणि त्यांतून वाळूखाली वाळूच निघाली होती. शेवटच्या खड्ड्यात जाळ्याच्या शिशाची एक गोळी हाताला लागली, तेव्हा त्यांना खरं तर बरंच वाटलं. निदान काहीतरी होतं.

यंत्र दीपकचं होतं. पर्यटकांना मोटारबोटीमागच्या रबरी फुग्यावर बसवायचं, समुद्रात नेऊन पाडायचं आणि पुन्हा वर काढायचं, हा त्याचा धंदा. पडताना लोकांच्या अंगठ्या जायच्या, साखळ्या जायच्या, आणि मग किनाऱ्यावर येऊन नवरा-बायकोची भांडणं व्हायची. त्यावर उपाय म्हणून त्याने ऑनलाइन हे धातू शोधायचं यंत्र मागवलं. ते आलं आणि पहिल्याच दिवशी ओल्या वाळूत वेडं झालं. मग त्याने दुसरं मागवलं.

“ही काळी वाळू म्हंजे निम्मं लोखंडच काका,” दीपक म्हणाला. “वर खारं पानी. ह्याला वाटतं सगळा किनाराच धातूचा हाय. तिकडं सुरूच्या बनात, सुक्या वाळूत न्या, बघा कसं शहान्यासारखं वागतं. लोखंड वेगळं सांगतं, सोनं वेगळं सांगतं.”

“मग तुझं ते दुसरं दे.”

“ते पान्यात चालतं, गोंधळत नाय. पन त्याला खिळा नि सोनं सारखंच. काय पन लागलं तरी एकच आवाज. पर्त्येक वेळी खनून बघायचं.”

रावजींनी चकतीवरची वाळू झटकली. “म्हंजे ज्याला कळतं ते येडं, नि जे शानं त्याला कळत नाय.”

“तसंच म्हना. दोन्ही जमनारं पन मिळतं. ते आपल्याला झेपनारं नाय.” दीपकने विचारलं, “पन काका, शोधताय काय नक्की?”

“अंगठी,” रावजी म्हणाले.

दीपकने मान हलवली. त्याला ठाऊक होतं, आणि त्याला ठाऊक आहे हे रावजींनाही ठाऊक होतं. नथीची गोष्ट माहीत नाही असं वाडीत मांजरसुद्धा उरलं नव्हतं.

गोष्ट अशी, की रावजींची बायको मैना गेल्या माघात वारली. सवाष्ण गेली, म्हणून बायकांनी तिला न्हाऊमाखू घातलं, लुगडं नेसवलं, मळवट भरला, अंगावर होते तेवढे दागिने चढवले. तिरडी उठायच्या आधी ते उतरवून घ्यायचे, ही रीत. त्याप्रमाणे बांगड्या उतरल्या, मंगळसूत्र उतरलं. नथीचं काय झालं ते मात्र कुणाला धड सांगता येईना. ती नथ रावजींच्या आईची, जुन्या घडणीची, आणि मैनेने ती आपल्या लेकीला, शमिकाला कबूल केलेली होती. दिवसकार्य झाल्यावर शमिकाने मागितली तेव्हा डबीत नथ नव्हती.

वाडीतल्या सगळ्यांत वडील बाई म्हणजे आवडाबाई. प्रेत सजवण्यात पुढे त्याच. त्या एकदा म्हणायच्या, “मी काढली नि रावजीच्या हातात दिली.” पुन्हा विचारलं की म्हणायच्या, “नाय गो, नाकातच ऱ्हायली वाटतं.” एरवी राखेत सापडली असती. पण अमावास्येचं उधाण होतं. रात्रीची भरती मसणवटीपर्यंत येणार म्हणून संध्याकाळच्या ओहोटीलाच सगळं उरकलं, आणि सावडायला जायच्या आधीच समुद्र राख घेऊन गेला.

मग राहिली घरातली माणसं. रावजी, मुलगा केतन आणि सून नम्रता. केतन ट्रॉलरवर, आठ-आठ दिवस समुद्रात. तेव्हा बोट गेलं ते नम्रताकडे. शमिका स्पष्ट बोलली नाही, पण बोलायचं ते बोलून गेली. नम्रताने आतून आपली ट्रंक ओढत आणली आणि अंगणात, चार बायकांसमोर, उपडी केली. परकर, पोलकी, लग्नातला शालू, सगळं मातीत. “बघा,” एवढंच ती म्हणाली. शमिका त्याच दिवशी विरारला निघून गेली आणि नथ मिळेपर्यंत या घराची पायरी चढणार नाही, असं कळवून मोकळी झाली. आता वर्षश्राद्ध तोंडावर आलं होतं. ते उरकलं की चिपळूणला माहेरी जाते, असं नम्रताने परवाच शांतपणे सांगितलं होतं. किती दिवस, ते सांगितलं नव्हतं. विचारायची रावजींची छाती झाली नाही.

आणि खरी पंचाईत पुढेच होती. आवडाबाईंनी नथ हातात दिली असेल, तर ती रावजींनी कुठेतरी ठेवली असणार. दिली नसेल, तर ती मैनेबरोबर गेली असणार. यातलं काय झालं ते जगात फक्त एकाच माणसाला माहीत असायला हवं होतं, आणि त्या माणसाला काही म्हणजे काही आठवत नव्हतं. उभा जन्म बर्फाच्या कारखान्यात लाद्या फोडून रावजींची बोटं बधिर झालेली. चहाचा कप हातात आहे की नाही हे त्यांना बघून कळायचं. त्या दिवशी हाताला काय लागलं, काय नाही, ते हातालाच माहीत नव्हतं. मैनेच्या तोंडात मंगळसूत्रातला सोन्याचा मणी आणि तुळशीचं पान घातलं, ते स्वच्छ आठवत होतं. तिचे ओठ आठवत होते. त्याच्या वर, नाकाशी पोचलं की सगळं धुकं.

दुपारी घरी आले तेव्हा नम्रता अंगणात बांगडे साफ करत होती.

“मामा, पाय धुवून घ्या. वाळू घरभर व्हते.”

रावजींनी पाय धुतले. मग उगाचच तिथे घुटमळत राहिले. “दीपकचं यंत्र बघायला गेलो होतो.”

“माहीत हाय.”

“त्याच्याकडं दुसरं पन हाय. पान्यात चालनारं.”

नम्रताने एक बांगडा उलटा केला, पोट चिरलं. “सापडली तरी काय व्हनार मामा? ताई म्हनतील, हिनंच नेऊन टाकलीन.”

रावजी आत जाऊन जेवायला बसले. कालवण झकास झालं होतं आणि ते नुसता भात चिवडत होते. ही उद्या गेली तर केतन मागोमाग जाईल, घराला कुलूप लागेल आणि आपण ओटीवर बसून राहू, एवढंच त्यांच्या डोक्यात फिरत होतं. पण त्याहून जास्त डाचत होतं ते दुसरंच. ट्रंक उपडी झाली तेव्हा आपण ओटीवरच बसलेलो होतो आणि तोंडातून शब्द काढला नाही.

दुसऱ्या दिवशी ओहोटीला ते दुसरं यंत्र घेऊन निघाले. दीपक मागोमाग आला, पण मसणवटीच्या खडकाशी येऊन अडला.

“इकडं नको काका. मी कधी मशीन आनत नाय इकडं. लोकं काय म्हनतील?”

“लोकं म्हनायचं ते म्हनून झाली.”

त्यांनी हेडफोन कानाला लावले, लुंगी खोचली आणि कमरेएवढ्या पाण्यात शिरले. हे यंत्र खरंच शहाणं होतं. गप्प राहायचं आणि मधूनच एकदा हुंकार द्यायचं. हुंकार आला की दीपकने केलेलं फावडं खुपसायचं. स्टीलच्या डब्याला भोकं पाडून दांडा लावलेलं, साधंच. वर काढून हलवलं की वाळू गळून जायची आणि उरायचं ते उरायचं. पहिल्यांदा खिळा आला. मग समईचं तुटकं पितळी टोक, हिरवं पडलेलं. मग पुन्हा खिळा. तांब्याचा पैसा. दर वेळी आवाज तोच आणि दर वेळी रावजींचं डबा डोळ्यांजवळ नेऊन बघणंही तेच.

पाणी चढायला लागलं तेव्हा डब्याच्या तळाशी काहीतरी पिवळं दिसलं. त्यांनी ते तळव्यावर घेतलं. ज्वारीच्या दाण्याएवढा मणी. लगेच शेजारीच आणखी एक हुंकार. हा चपटा, वितळून बसका झालेला. पहिल्यासारखा नाही, दुसऱ्याच घडणीचा.

“काका, सोनं हाय ते,” दीपक मागून ओरडला. भीती विसरून तो पाण्यात आला होता.

रावजी दोन्ही मण्यांकडे बघत उभे राहिले. मैनेच्या तोंडात मणी घातला होता. यातला तिचा कुठला? पहिला? दुसरा? की दोन्ही नव्हेत? वाडीतली माणसं पिढ्यान्‌पिढ्या इथेच जळली होती आणि प्रत्येकाच्या तोंडात कुणीतरी आपल्या ऐपतीप्रमाणे सोन्याचा कण ठेवला होता. रावजींचे आईबाप इथलेच. दीपकचा बापूसही. पायाखाली सगळी वाडी होती.

मोह झाला नाही असं नाही. हा बसका तुकडा लेकीपुढे ठेवून ‘ही बघ तुझी नथ, वितळली’ म्हणता आलं असतं. नम्रता सुटली असती. पण मग कुणाच्या तरी आजीच्या तोंडातलं सोनं शमिकाच्या पेटीत जाऊन बसलं असतं.

त्यांनी हात पाण्याखाली नेला आणि उघडला.

“टाकलंत?” दीपकचा विश्वास बसेना.

“कुनाच्या तरी तोंडातला घास हाय तो,” रावजी म्हणाले. “चल. मशीन घे तुझं.”

संध्याकाळी त्यांनी शमिकाला फोन लावला. बर्फ फोडायच्या यंत्राच्या खडखडाटाने कान मंद झालेले, म्हणून ते फोनचा आवाज मोठा करून, तो बशीसारखा तोंडापुढे धरून बोलायचे. नम्रता पडवीत तांदूळ निवडत होती. तिला सगळं ऐकू जाणार हे त्यांना माहीत होतं. खरं तर म्हणूनच ते तिथे बसले होते.

“शमिका, नथीचं सांगायचंय. नथ मी ठेवली.”

“कुठं ठेवलीत?”

“तिच्या नाकातच. आवडाबाय काढीत होती. मी म्हटलं, ऱ्हाऊं दे.”

नम्रताचा सुपातला हात थांबला होता. रावजींना स्वतःचंच नवल वाटलं. खोटं बोलताना जीभ अडखळेल असं वाटलं होतं, ती तर सुरळीत चालली होती.

“आनि वर्षभर बोलला नाय तुमी?” शमिकाचा आवाज चढला. “वयनी ट्रंक ओतीत होती तेव्हा तुमी ओटीवर बसलेले बाबा.”

“बसलेलो.”

“मग?”

“लाज वाटली गो. सोनं जाळलं म्हनून लोकांनी येडा म्हटलं असतं. त्यापेक्षा गप ऱ्हायलो. तुज्या वयनीचा काय संबंध नाय. तिची माफी मागायची तर मी मागायची.”

हे शेवटचं खोटं नव्हतं. ते बोलताना त्यांचा आवाज चिरकला. शमिका संतापून फोन ठेवील, अशी त्यांची खात्री होती. नथ मोठी होती, आजीची होती, तिच्या हक्काची होती. पण तिने फोन ठेवला नाही.

“म्हंजे आय नथ घालून गेली,” ती म्हणाली.

“हो.”

“तुमी थांबला नाय माझ्यासाठी. गाडी पनवेललाच अडकलेली. मी सांगत होते, येतेय, येतेय. मी आले तेव्हा नुसती धग होती.” तिने विचारलं, “कशी दिसत होती बाबा?”

रावजी गोंधळले. वर्षभर ते नथ शोधत होते, वर्षभर पोरगी नथ मागत होती, आणि तिला हवं होतं ते हे होतं की काय? ते बोलायला लागले. मळवट भरलेला होता. केस चापून विंचरलेले. खाडीत तिसऱ्यांच्या शिंपल्या काढायला उन्हात बसून बसून काळवंडलेला चेहरा, तो त्या दिवशी उजळला होता. हिरवं लुगडं नेसवलं होतं. नथ, नथ तर... इथे पुन्हा ते धुकं आलं आणि त्यांची जीभ थांबली.

“हिरवं नव्हतं,” पडवीतून नम्रता म्हणाली. तिने सूप बाजूला ठेवलं, आत येऊन रावजींच्या हातातला फोन घेतला. “ताई, मोरपंखी होतं. मीच नेसवलं. नि नथ जरा तिरकी झालेली, ती मी सारखी केली. झोपल्यासारख्या दिसत होत्या.”

पलीकडे शमिका रडायला लागली. नम्रता फोन कानाला धरून तशीच उभी राहिली, “हो,” “हो ताई,” म्हणत. मग तिने विचारलं, “वर्षसरादाला येताय ना?”

रावजी सुनेकडे बघत होते. ही आपलं खोटं सावरत होती, की तिने खरंच ती नथ पाहिली होती आणि सासऱ्यावर बोट येऊ नये म्हणून ट्रंक ओतूनही वर्षभर तोंड मिटलं होतं, ते त्यांना कळेना. तिच्या तोंडावरूनही काही कळत नव्हतं. फोन ठेवून ती पुन्हा पडवीत जाऊन बसली, सूप मांडीवर घेतलं.

त्यांनी तिला विचारलं नाही. थोड्या वेळाने उठले, तिच्यासमोर उकिडवे बसले, आणि सुपातले खडे वेचू लागले. बोटांना खडा कुठला, तांदूळ कुठला कळत नव्हतं. ते एकेक दाणा डोळ्यांपुढे धरून बघत होते, आणि नम्रता त्यांना तसं करू देत होती.