भिजत घातलेलं पॅनल

अमेरिकेत फ्रीमाँटला लेकाकडे येऊन अहिल्याबाईंना दोन महिने झाले होते, आणि या दोन महिन्यांत त्यांना एकदाही कुणी रागावलं नव्हतं. ऐकायला सुख वाटतं ना? भोगून बघा! भाजी खारट झाली तरी कुशल म्हणायचा, "इट्स ओके आई, तू रिलॅक्स कर." भांडी मशीन घासणार, कपडे मशीन धुणार, आणि बाई सोफ्यावर बसून चहा पिणार. पोटच्या पोराच्या घरी पाहुणी! जीव नुसता गुदमरायचा.

कुशलचं सगळं प्रेम गॅरेजमधल्या सहासष्ट सालच्या मस्टँग गाडीवर. दारांना आतल्या बाजूने बसवलेली निळी पॅनल्स त्याने काढून ठेवली होती. बाजारात नवी मिळत होती, पण याला ओरिजिनलच हवी. रोज ऑफिसातून आला की मऊ ब्रशने बोटभर जागा पुसायचा. अशाने म्हातारा होईल पोरगा, असं बाईंना वाटे.

मग एके दिवशी तो कामावर गेल्यावर त्यांनी पदर खोचला. टबात कोमट पाणी, मूठभर साबणाची पावडर, आणि एक पॅनल दिलं भिजत टाकून. आयुष्यभर गोधड्या अशाच तर स्वच्छ केल्या होत्या!

मळ गेला, निळा रंग लख्ख झाला. पण पॅनलच्या वरच्या रेक्झिनमागे होता पुठ्ठा. तो पाणी पिऊन टम्म फुगला, आणि उन्हात ठेवला तर पापडासारखा वाकडा झाला.

संध्याकाळी कुशलने ते उचलून उलटसुलट करून बघितलं. "इट्स ओके, आई," तो शेवटी म्हणाला. "नवं ऑर्डर करतो."

"ओके कसं?" बाईंचा आवाज चिरकला. "मी तुझ्या वस्तूची वाट लावली आणि तू ओके म्हणतोस? परक्या बाईला म्हणावं तसं? अरे, ओरड की माझ्यावर!"

कुशल एकदम भडकला. "अगं, पुठ्ठा कुणी भिजत घालतं का? सहासष्ट सालापासून टिकलं होतं ते! विचारायचंस तरी! कशाला हात लावलास, आई?"

"दिवसभर मला नुसतं बसवून ठेवतोस म्हणून!"

दोघंही धापा टाकत होते. बाईंचे डोळे वाहत होते, पण किती दिवसांनी त्यांना मोकळं वाटत होतं.

कुशलने दुसऱ्या दाराचं पॅनल टेबलावर आडवं ठेवलं आणि ब्रश आईपुढे आदळला. "हे घे. आणि थेंबभर जरी जास्त पाणी लावलंस ना, तर बघ!"

"हो रे, कळलं मला," म्हणत अहिल्याबाई स्टूल ओढून बसल्या.