राखून ठेवलेली पावलं

मी खोटं बोलले ते प्रेमापोटी, असं आता आमच्या इमारतीतल्या बायका म्हणतात. प्रेमाबिमापोटी काही नाही. नवरा दारात उभा आहे, पोरगी त्याच्याकडे चालत जातेय आणि त्याचं तोंड कसं होतंय, हे मला बघायचं होतं. मी माझ्यासाठी खोटं बोलले.

ठमी पाच महिन्यांची असताना तो सरहद्दीवरच्या चौकीवर गेला. नवरा वायरलेसवाला. चौकीवर वायरलेसवाले दोनच, एक हा आणि दुसरा आमच्या डोक्यावर राहणाऱ्या मुलीचा नवरा. एक सुट्टीवर निघाला की दुसऱ्याने हलायचं नाही. फोन रविवारी सकाळी, व्हिडिओवर, तोही लागला तर, आणि तिकडूनच यायचा. बाकी सहा दिवस मी, ठमी आणि दोन खोल्या. भांडायलासुद्धा माणूस नाही. नळ ठिबकला की मी नळाला शिव्या घालायचे, तेवढंच मोठ्या माणसासारखं बोलणं व्हायचं.

आमच्या इमारतीत एक रीत आहे. तळमजल्यावर शिवणवाल्या काकू राहतात, सगळ्यांच्या वर्दीवर पट्ट्या शिवून देतात. त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात बजावलं होतं, "हे बघ, पोराचं पहिलं काहीही बापाला फोनवर सांगायचं नाही. दात असो, पाऊल असो. तो घरी आला की पोर समोर सोडायचं आणि आपण बोंबलायचं, अगंबाई, आजच चालली की! बिचाऱ्याला तेवढंच सुख." या नाटकात सगळा जिना सामील असतो. बाप येतो, पोर चालतं, बायका टाळ्या पिटतात, बाप डोळे पुसतो. आजवर कुणी बिंग फोडलेलं नाही.

ठमी साडेबारा महिन्यांची झाली आणि एका दुपारी चालली. कपड्यांची बादली धरून उभी होती, ती सोडली आणि चार पावलं टाकून धाडकन माझ्या गुडघ्यावर आदळली. मी केवढ्याने ओरडले! टाळ्या वाजवल्या, तिला गरागरा फिरवलं, आणि मग वळून बघितलं तर खोलीत कुणीच नाही. इतका आनंद आणि सांगायला चिटपाखरू नाही. मला रडूच कोसळलं.

रविवारी त्याने विचारलं, "चालते का गं?"

"छे! बसलेली असते ढिम्म."

मग हे दर रविवारचंच झालं. फोनच्या वेळी मी तिला खुर्चीत पट्ट्याने बांधून ठेवायचे, नाहीतर कार्टी सगळ्यावर पाणी फिरवायची. "उभी तरी राहते का?" तो विचारायचा. "धरून," मी म्हणायचे. त्याचा आवाज दर आठवड्याला थोडा खाली जात होता. मला ते ऐकू येत होतं आणि मी कानाडोळा करत होते.

सहाव्या रविवारी तो म्हणाला, "मी इथल्या डॉक्टरांशी बोललो. ते म्हणाले, पाय दाखवून घ्या. साहेबांनी दहा दिवस दिलेत. पुढच्या सोमवारी निघतोय."

तो येणार! खोटं गेलं खड्ड्यात, तो येणार! ठमीचा चिकट गाल मी माझ्या गालाला दाबून धरला.

"सुट्टी खरं तर त्याची होती, वरच्याची," तो म्हणाला. "पण त्यानेच सोडली. म्हणाला, लेकराचे पाय आधी."

वरच्या मुलीला नववा महिना लागला होता. पहिलटकरीण, आई नाही, सासू अंथरुणाला खिळलेली. त्या दिवसापासून जिन्यात तिची चाहूल लागली की मी दाराआड थांबायचे. मंगळवारी तीच खाली आली. भिंतीला धरून हळूहळू खुर्चीत बसली. ठमी पातेल्याचं झाकण वाजवत या खोलीतून त्या खोलीत तुरुतुरु फिरत होती. ती ठमीच्या पायांकडे बघत राहिली, चांगली दहा मिनिटं.

"ताई, मी कुणाला काही बोलणार नाही," ती शेवटी म्हणाली. "तुमचं माणूस येऊ दे. माझं काय, काकू आहेत ना."

तिने चार शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं. मी पण मग हात नाचवून भांडले असते. ती घाबरलेली आहे हे मात्र आंधळ्यालाही दिसलं असतं. मी तिला पाणी दिलं. खरं सांगायचं तर पुढचे चार दिवस मी मनात तिचाच राग राग केला.

रविवारी फोन आला तेव्हा मी ठमीला बांधलं नाही. फोन स्टुलावर उभा केला आणि तिला पलीकडच्या भिंतीशी सोडलं.

"काय करतेस? पडेल ना ती!" तो ओरडला.

ती पडली नाही. सरळ फोनपाशी आली आणि तिने स्टूल ढकललं. मी फोन उचलला.

"कधीपासून?" त्याने विचारलं.

"दीड महिना."

"दीड महिना? अगं, मी इथे ड्यूटीवर लेकराच्या पायांची चित्रं डोळ्यांसमोर आणत होतो! तुला काही वाटलं नाही?"

"वाटलं. शिव्या घाल हव्या तेवढ्या, पण आधी साहेबांकडे जा आणि सुट्टी त्याला दे."

तो म्हणाला, "तो परत आल्याशिवाय मला निघता येणार नाही. आणि त्यानंतर बर्फाने रस्ता बंद होतो. म्हणजे चार महिने, कळतंय ना?"

"कळतंय."

"मला यायचं होतं गं," तो म्हणाला. मी काही बोलायच्या आत लाईन गेली.

बुधवारी सकाळी अकराच्या सुमारास दार वाजलं. वरच्या मुलीचा नवरा दारात, अंगावर वर्दी, पाठीवर सामान, बुटांवर धूळ, अजून वर घरीही गेला नव्हता.

"वहिनी, त्याने शपथ घातलीय," तो म्हणाला. "आधी ठमीला चालताना बघायचं, मगच वर जायचं. आणि जाऊन त्याला सांगायचं."

मी बाजूला झाले. ठमी पलंगाखालून निघाली, उभी राहिली आणि तिने त्याच्याकडे बघितलं. बाप तिने फोनवरच बघितलेला, नेहमी अशाच वर्दीत. ती हात पुढे करून तुरुतुरु चालत गेली, त्याच्या गुडघ्याला घट्ट मिठी मारली, मान वर केली आणि म्हणाली, "बाबा."

तोवर तिला एकही शब्द येत नव्हता.

त्याने माझ्याकडे बघितलं, मी फरशीकडे. तिचे हात सोडवायला त्याला जमेना. शेवटी मीच एकेक बोट सोडवलं.

"जा वर," मी म्हणाले. "ती वाट बघतेय. चालली, एवढंच सांगा त्याला."

तो मान हलवून गेला. ठमी बंद दारावर थापा मारत तेच म्हणत राहिली. त्यानंतर तीन रविवार झाले. दर वेळी तो विचारतो, बोलते का गं काही? मी म्हणते, नाही रे, अजून नाही.